झोपेशी बोलणी

सातपूरला चोवीस तासांत तीनदा सकाळ होते. पहिली सूर्याची. ती सगळ्या नाशिकला होते, तिचं कौतुक नको. दुसरी दुपारी दीडच्या सुमाराला. नाईट करून झोपलेला माणूस तेव्हा तोंडात ब्रश धरून गॅलरीत येतो आणि शाळेतून परतणाऱ्या पोरांकडे, एवढ्या लवकर ही कुठे निघाली, अशा नजरेने बघत राहतो. तिसरी सकाळ रात्री नऊला. थर्ड शिफ्टवाला उठून "चहा टाक गं" म्हणतो, तेव्हा घरातली बाकीची मंडळी गाद्या घालत असतात. सातपूर कॉलनीत, अशोकनगरला, श्रमिकनगरला एकाच जिन्यात एक जण डबा घेऊन खाली उतरतो, दुसरा रिकामा डबा घेऊन वर चढतो आणि दोघंही एकमेकांना एकच प्रश्न विचारतात : "झाली का झोप?" जेवणाची चौकशी इथे नंतर.

याला कारण एमआयडीसी. 1962 साली महामंडळ स्थापन झालं आणि त्र्यंबक रोडच्या कडेच्या या जमिनीवर हळूहळू कारखाने उभे राहिले. मायको, महिंद्रा, सिएट आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी लहानमोठी वर्कशॉप. 2008 मध्ये मायकोची बॉश झाली, पण मायको सर्कलचं काही बॉश सर्कल झालं नाही. सातपूरकर सवयी सहसा मोडत नाही. अपवाद झोपेचा. ती तो दर आठवड्याला मोडतो. हा आठवडा फर्स्ट, पुढचा सेकंड, त्याच्या पुढचा नाईट. शरीराला नवी वेळ अंगवळणी पडेपर्यंत वीकली ऑफ येतो आणि नोटीस बोर्डावर नवा चार्ट लागतो.

त्यामुळे उशाशी ठेवायचं गजराचं घड्याळ ही इथे वाढदिवसाला द्यायची वस्तू नाही. ते अवजार आहे. कंपनीची बस कार्बन नाक्यावर ठरल्या मिनिटाला येते आणि ठरल्या मिनिटाला जाते. ती गेली की रिक्षा, रिक्षानंतर गेटवरचा लेट मार्क, लेट मार्क साठले की अर्धा दिवस कट. सहा मिनिटं जास्त झोपलं तर किती रुपयांना पडतं, हे सातपूरचा माणूस पगाराच्या स्लिपवर बोट ठेवून दाखवू शकतो.

माझा भाचा आयटीआय करून इथल्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागला आणि आमच्याकडे राहायला आला, तेव्हा त्याच्यासाठी घड्याळ घेण्याचा विषय घरात निघाला. आमच्याकडे विषय निघतो म्हणजे बैठकच बसते.

"मामा, मोबाईल आहे ना," भाचा म्हणाला.

"आमच्या गावाला कोंबडं होतं," आई म्हणाली. "घड्याळ कुणाला लागायचं?"

आईचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. जपानातल्या नागोया विद्यापीठात 2013 साली संशोधकांनी कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवून पाहिलं. बाहेर पहाट झाली की नाही हे कळायला काही मार्ग नसताना कोंबडे आपल्या वेळेला आरवत राहिले, कारण त्यांच्या अंगातच घड्याळ असतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपल्याला ठाऊक होतंच. आता कळलं की कोंबडं झाकलं म्हणून कोंबड्याचं आरवायचंही राहत नाही. म्हणजे झाकणाऱ्याचा दोन्हीकडून पराभव. पण कोंबड्याला पुढच्या सोमवारपासून सेकंड शिफ्ट देता येत नाही, ही त्यातली मुख्य अडचण. शिवाय तिसऱ्या मजल्यावर कोंबडा पाळायला सोसायटीची परवानगी लागेल, आणि आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीच्या झाकणाचा ठराव अजून मंजूर व्हायचाय.

माणसाने माणसाला उठवायची पद्धत कोंबड्यानंतरची. आपल्याकडे वासुदेव यायचा. मोरपिसांची टोपी, हातात चिपळ्या, दारात उभा राहून गाणं. त्याला स्नूझचं बटण नव्हतं. सुपातून दान घालायला कुणीतरी उठावंच लागे. गिरणगावात भोंगा होता. तो एका माणसाला नव्हे, अख्ख्या वस्तीला उठवायचा. ज्याची पाळी नाही त्यालाही. विलायतेत कारखान्यांच्या गावांमध्ये पैसे घेऊन उठवणारी माणसं असायची. लांब काठीने ती वरच्या मजल्याची खिडकी ठोठावत. पूर्व लंडनमधल्या मेरी स्मिथ या बाई फुंकनळीतून सुके वाटाणे खिडकीवर मारायच्या. 1930 च्या दशकातला त्यांचा फोटो प्रसिद्ध आहे. ही सोय सातपूरला चालणार नाही. आमच्या खिडक्यांना डासांची जाळी असते, आणि वाटाणे वाया घालवले म्हणून उठलेला माणूस कामावर जायच्या आधी भांडायला खाली येईल.

गजराच्या घड्याळाच्या इतिहासात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो अमेरिकेतला लीव्हाय हचिन्स. काँकर्ड गावच्या या घड्याळजीने 1787 साली स्वतःपुरतं गजराचं घड्याळ बनवलं. ते फक्त पहाटे चार वाजता वाजायचं. दुसरी वेळ लावायची सोयच नव्हती, कारण हचिन्सला चारलाच उठायचं असायचं. हवी ती वेळ लावता येणाऱ्या गजराचं पेटंट अंत्वान रेदिए या फ्रेंच माणसाने घेतलं ते थेट 1847 साली. मधली साठ वर्षं जगात बहुधा सगळ्यांना कायमची फर्स्ट शिफ्ट असावी.

शेवटी मी, भाचा आणि समोरच्या ब्लॉकमधले काका असे तिघं सातपूर कॉलनीतल्या एका घड्याळाच्या दुकानात गेलो. काका निवृत्त आहेत. त्यांना काही घ्यायचं नसेल, निव्वळ सोबत म्हणून आले असतील, असा माझा समज होता.

दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "कुठली शिफ्ट?"

"रोटेशन," भाचा म्हणाला.

"मग अवघड आहे," तो म्हणाला आणि काउंटरवर एकेक डबा मांडू लागला.

पहिलं निघालं चावीचं. वर दोन घंटा, मध्ये हातोडी, मागे दोन चाव्या. एक वेळेची, एक गजराची, कारण आत दोन वेगवेगळ्या स्प्रिंगा असतात. सध्या ही घड्याळं शोभेला म्हणूनच जास्त खपतात, पण एके काळी सातपूरच्या निम्म्या घरांत रात्री झोपण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले जात : गॅस बंद केला का, कडी लावली का, चावी दिली का. या घड्याळाला सेल लागत नाही, लाइट लागत नाही. ते वाजायला लागलं की गजराची स्प्रिंग पूर्ण सुटेपर्यंत वाजतं आणि वाजता वाजता आपल्याच थरथरीने फळीवरून चालत कडेला येतं. बऱ्याच घरांत माणूस उठायचा तो आवाजाने नव्हे, घड्याळ पडलं या भीतीने. एवढ्यानेही ज्याला जाग येत नसे त्याच्यासाठी घड्याळ स्टीलच्या परातीत ठेवायची युक्ती होती. परातीत गजर झाला की तो माणूस उठायचा, त्याची बायको उठायची, वरचे-खालचे उठायचे आणि शेजारी कुणाची तरी नाईट असेल तर तो माणूस उठून थेट दारात यायचा.

सातपूरच्या गजराची खरी मेख इथे आहे. गजर लावायचा असतो एकाला, वाजतो सगळ्यांना. एका खोलीत फर्स्टवाला मुलगा, सेकंडवरून रात्री एकला आलेला बाप आणि साडेचारलाच उठून बसलेली आजी असेल, तर घड्याळाकडून अपेक्षा एवढीच की यातल्या एकालाच उठवावं. घड्याळं बनवणाऱ्यांनी आवाज किती मोठा याचा विचार केला. नेम कसा धरायचा याचा नाही केला.

"मग हे घ्या," दुकानदार म्हणाला. प्लॅस्टिकचं, चौकोनी, पेन्सिल सेलवर चालणारं. ऑरपॅट. नाव परदेशी वाटतं, पण घड्याळ गुजरातेतल्या मोरबीचं. ओधवजी राघवजी पटेल या उद्योजकाच्या नावातली अक्षरं जोडून हे नाव झालंय. 1971 साली मोरबीत अजंता घड्याळांचा उद्योग उभा करणारे तेच. या घड्याळाच्या पोटात क्वार्ट्झचा, म्हणजे गारेचा, एक बारीकसा स्फटिक असतो आणि तो सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. त्याचे पंधरा वेळा निम्मे करत गेलं की बरोबर एक उरतो, आणि त्या एका ठोक्यावर सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो. महिन्याला पंधरा-वीस सेकंदांपेक्षा जास्त चूक सहसा होत नाही.

एवढ्या काटेकोर यंत्राला गजरासाठी दिलेला असतो एक आखूड, रंगीत काटा. तो पाच आणि सहाच्या मध्ये कुठेतरी ठेवायचा. जरा इकडे झुकला तर पाच वीस, जरा तिकडे झुकला तर पाच चाळीस. स्फटिकाने सेकंदाचे बत्तीस हजार तुकडे करायचे आणि माणसाने काटा अंदाजपंचे फिरवायचा. शिवाय हा काटा बारा तासांचा. त्याला सकाळचे नऊ आणि रात्रीचे नऊ यांत फरक कळत नाही. सेकंड शिफ्टवाला सकाळी नऊचा गजर लावून उठतो, आंघोळ-जेवण उरकून दुपारी कामावर जातो. तेच घड्याळ रात्री नऊला घरातल्या बायकामाणसांच्या कानाशी वाजतं, आणि नेमकं तेव्हाच टीव्हीवर बावीस भाग ताणलेलं गुपित फुटत असतं. सुट्टीच्या दिवशी बारा तासांपेक्षा जास्त झोपायचं म्हटलं तर त्याचीही या घड्याळात तरतूद नाही.

आणि सेल. घरातला पेन्सिल सेल कधीच एका जागी कायम नसतो. तो घड्याळातून रिमोटमध्ये जातो, रिमोटमधून टॉर्चमध्ये, तिथून पुन्हा घड्याळात. मॅचच्या रात्री गजराचं घड्याळ पोट उघडं टाकून पडलेलं असतं. सेल उतरला की आधी तो तळहातावर चोळायचा, मग दाताने चावायचा, मग उन्हात ठेवायचा. नवीन आणणं हा शेवटचा उपाय. उतरता सेल काटे फिरवत राहतो, पण गजराच्या आवाजाला पुरत नाही. म्हणजे घड्याळ वेळ अगदी बरोबर दाखवतं आणि साडेपाचला घसा साफ केल्यासारखं करून गप्प बसतं.

"याचा आवाज पण बघा," असं म्हणत दुकानदाराने नवा सेल घालून गजर वाजवला. पीं-पीं, पीं-पीं. भाचा दचकला, मी दचकलो. काका शांत. "वाजतंय का?" त्यांनी विचारलं.

काकांची हयात प्रेस शॉपमध्ये गेली. कानावर आघात होणाऱ्या अशा ठिकाणी वर्षानुवर्षं काम केलं की आधी जातो तो वरच्या पट्टीचा आवाज; चार हजार हर्ट्झच्या आसपासचा. आणि या छोट्या घड्याळांची पीं-पीं बसते साधारण त्याच मुलखात. म्हणजे ज्या मशीनवर वेळेत पोचायला गजर लावायचा, त्याच मशीनने गजर ऐकू येण्याची सोय काढून घेतलेली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात डोरोथी ब्रुक आणि इयान थॉमस यांनी धुराच्या अलार्मसाठी झोपलेल्या माणसांवर वेगवेगळे आवाज वाजवून पाहिले. 520 हर्ट्झचा जाड, भरड आवाज चिरक्या आवाजापेक्षा झोपलेल्याला कितीतरी लवकर उठवतो, असं त्यांना दिसलं. पुढे अमेरिकेत कमी ऐकू येणाऱ्यांच्या झोपायच्या खोल्यांसाठी आगीच्या इशाऱ्याचा तोच आवाज नियमात आला. सातपूरच्या बायकांना हे संशोधनाशिवायच ठाऊक आहे. "अहो, उठा" हे त्या किंचाळून म्हणत नाहीत. खालच्या पट्टीत, दाराच्या चौकटीतून एकदाच म्हणतात. माणूस उठून बसलेला असतो.

दुकानदाराने आणखी एक डबा काढला. लाल आकड्यांचं, भिंतीतल्या प्लगवर चालणारं. याला सकाळ-रात्र कळते, वेळ मिनिटाला लावता येते. पण पहाटे चारला दोन मिनिटं लाइट जाऊन आली की ते सगळं विसरतं आणि बारा-शून्य-शून्य उघडझाप करत बसतं. आपण उठतो तेव्हा घड्याळाच्या मते नुकती मध्यरात्र झालेली असते.

"पळणारं नाही का?" भाच्याने विचारलं. त्याने मोबाईलवर पाहिलं होतं. गौरी नंदा या भारतीय वंशाच्या विद्यार्थिनीने एमआयटीमध्ये असं घड्याळ केलं होतं. गजर झाला की ते टेबलावरून उडी मारतं, चाकांवर पळतं आणि कुठेतरी लपून वाजत राहतं; ते बंद करायला माणसाला अंथरुणातून उठावंच लागतं. 2005 चं अर्थशास्त्राचं इग्नोबेल पारितोषिक याला मिळालं. पण पळायला जागा लागते. वन बीएचकेमध्ये ते कॉटखाली शिरेल. तिथे लोखंडी पेटी, गव्हाची कोठी, गेल्या गणपतीच्या मखराचा थर्माकोल आणि भाच्याचे सेफ्टी शूज. त्यातून ते बाहेर यायला दिवाळी उजाडेल.

"मामा, खरंच सांगतो, मोबाईल बास आहे," भाचा पुन्हा म्हणाला.

मोबाईल बास होता की नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या मोबाईलमध्ये गजरांची अख्खी यादी होती. पाच, पाच पाच, पाच दहा, पाच वीस, साडेपाच. प्रत्येकापुढे नाव : 'उठ', 'उठ रे', 'खरंच उठ', 'बस जाईल', 'गेली'. मोबाईलची वेळ बिनचूक असते, कारण ती नेटवर्कवरून येते आणि देशाची प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सिझियमच्या अणुघड्याळांवर राखलेली असते. सिझियमचा अणू चुकत नाही. चुकतो तो अंगठा.

1956 साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक-टेलिक्रॉनने 'स्नूझ'चं बटण असलेलं घड्याळ आणलं. पुढे या डुलकीला नऊ मिनिटांची चाल पडली. आयफोनमध्येसुद्धा वर्षानुवर्षं तीच होती. ज्या माणसाला हे बटण सुचलं तो सातपूरला कधी आला नसणार, पण सातपूरसाठी याहून घातक वस्तू करणं कठीण होतं. कारण ही बोलणी करणाऱ्यांची वस्ती आहे. इथल्या पोराला बारावीचं गणित येवो न येवो. मागणीपत्र, गेट मीटिंग, अंतरिम वाढ, फरक हे शब्द त्याला घरबसल्या येतात. पगाराचा करार संपला की बोलणी, फिसकटली की पुन्हा बोलणी, आणि जे हातात पडेल त्याला 'सध्यापुरतं' म्हणायचं.

तर पहाटे साडेपाचला गजर आपली बाजू मांडतो : उठा. झोप मागणीपत्र देते : अर्धा तास. नऊ मिनिटांवर तात्पुरता समझोता होतो. पाच एकोणचाळीसला दुसरी फेरी. आता झोप म्हणते, आंघोळ संध्याकाळी. मान्य. पाच अठ्ठेचाळीसला दाढी उद्यावर जाते. पाच सत्तावन्नला नाश्ता कँटीनकडे वर्ग होतो. सहा वाजून सहा मिनिटांनी झोपेच्या सगळ्या मागण्या मान्य झालेल्या असतात आणि कंपनीची बस कार्बन नाक्यावरून गेलेली असते. या बोलणीत टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस बसलेला असतो, त्यामुळे कुणी कुणाला फसवलं याची चौकशीही लावता येत नाही.

आईने यावर आपल्या परीने उपाय काढला होता. तिने नातवाला मोबाईलच्या गजरावर गणपतीची आरती लावायला सांगितली. पहिल्या दिवशी त्याने अंगठा पुढे केला आणि आई अंधारातून म्हणाली, "अरे, आरती मध्येच तोडू नये." तो बिचारा चादर गुंडाळून हात जोडून उभा राहिला. शेवटचं कडवं होईपर्यंत पूर्ण जागा. हा उपाय आजवरचा सगळ्यात खात्रीचा होता, पण तो नाईटच्या आठवड्यात कोसळला. दुपारी दोनला आरती सुरू झाली आणि शेजारच्या वहिनी वाटी घेऊन प्रसादाला आल्या.

घड्याळाला न फसणारी माणसं घड्याळालाच फसवायला जातात, हा सातपूरचा आणखी एक प्रकार. घरातली घड्याळं पुढे लावून ठेवायची. हॉलमधलं दहा मिनिटं, स्वयंपाकघरातलं पंधरा, झोपायच्या खोलीतलं सात. आणि प्रत्येकाचा आकडा घरातल्या प्रत्येकाला पाठ. त्यामुळे पहाटे कुणाचीही घाई होत नाही, सगळ्यांची वजाबाकी मात्र पक्की होते. पाहुणे आले की त्यांची तारांबळ उडते; ते हॉलमधल्या घड्याळावर विश्वास ठेवून दहा मिनिटं लवकर निघतात आणि स्टॉपवर एकटे उभे राहतात.

खरं तर आपली सगळ्यांचीच घड्याळं मुळात पुढे लावलेली आहेत. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर, मिर्झापूरच्या बाजूच्या सूर्यावर ठरते. सातपूर त्याच्या पुष्कळ पश्चिमेला आहे. इथला सूर्य हिशेबाने साधारण 35 मिनिटं मागे चालतो. म्हणजे आपण साडेपाचला उठतो तेव्हा सातपूरच्या सूर्याच्या मते चार पंचावन्न झालेले असतात. जानेवारीत तर सूर्य सातनंतर उगवतो. फर्स्ट शिफ्टवाला गेटवर पंच करतो तेव्हा सूर्याचा लेट मार्क लागलेला असतो आणि त्याला कुणी काही बोलत नाही. 1906 साली ही प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईकरांनी ती सहज मानली नव्हती. त्यांचा 'मुंबई टाइम' 39 मिनिटं मागे होता आणि तो शहरात कुठे ना कुठे 1955 पर्यंत टिकून होता. एकोणपन्नास वर्षं नेटाने चालवलेला इतका मोठा स्नूझ जगात दुसरा नसेल.

हे सगळं मी दुकानात सांगत होतो. भाच्याने मध्येच विचारलं, "मग भरवशाचं कोणतं?"

दुकानदार म्हणाला, "ते घरी गेल्यावर कळतं."

ते खरंच घरी गेल्यावर कळतं. नवीन घड्याळ आणलं की पहिल्या रात्री त्याच्या भरवशावर कुणी झोपत नाही. ते वाजेल की नाही हे बघायला सगळे जागे राहतात. दोन वाजता एकजण काटा तपासतो, साडेतीनला दुसरा मागचं बटण वर आहे ना बघतो, साडेचारला आई म्हणते, "अजून वेळ आहे, झोपा." साडेपाचला गजर होतो तेव्हा तो ऐकायला सगळं घर उठून बसलेलं असतं. घड्याळ पास होतं. माणसं दिवसभर पेंगतात.

पूर्वी घरोघरी म्हातारी माणसं सांगायची, उशीला सांगून झोप. चारला उठायचंय, चारला उठव; असं उशीला म्हणायचं आणि डोकं टेकायचं. उशी उठवते. मला हे थोतांड वाटायचं. पण जर्मनीतल्या ल्यूबेक विद्यापीठात यान बोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग 1999 साली 'नेचर'मध्ये छापून आला. काही जणांना झोपताना सांगितलं, तुम्हाला सहाला उठवू. त्यांच्या रक्तात पाचच्या सुमारापासूनच जागं होण्याच्या तयारीचं एक संप्रेरक वाढू लागलं. ज्यांना नऊ सांगून फसवून सहाला उठवलं, त्यांच्यात ते तसं वाढलं नव्हतं. म्हणजे झोपलेलं शरीर दिलेली वेळ लक्षात ठेवतं. फक्त सांगणाऱ्यावर त्याचा विश्वास हवा. उशी काही सांगून खोटं बोलत नाही, हा तिचा मोठा गुण. मोबाईलमध्ये पाच ओळींनी पाच वेळा सांगितलं, तर त्यातलं खरं कोणतं हे शरीराला कळणार कसं?

तेव्हा निवडीची कसोटी आवाज नव्हे, स्फटिक नव्हे, चावीही नव्हे. जे घड्याळ लावल्यावर माणूस मध्यरात्री उठून त्याच्याकडे बघत नाही, ते भरवशाचं. उठवायला तर घंटागाडी आहे, नळाचं पाणी आहे, कुकरची शिट्टी आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला निघालेली गर्दी त्र्यंबक रोडवरून रात्रभर जाते, त्या रात्री सातपूरला गजर लागतच नाही. गजराचं घड्याळ आणायचं ते रात्री निर्धास्त पडता यावं म्हणून. ते साडेपाचला काम करतं असं आपण म्हणतो, पण त्याची खरी शिफ्ट नाईटचीच.

व्यवहारात याचा अर्थ असा : वेळ आकड्यांत लावता येईल असं, सेलवर चालणारं, सकाळ-रात्र ओळखणारं, स्नूझ नसलेलं किंवा असल्यास सापडू नये इतकं लहान बटण असलेलं. आवाज पीं-पीं नको, जरा जाड हवा. ठेवायचं हाताला न लागणाऱ्या फळीवर. सेलच्या झाकणाला चिकटपट्टी लावायची. ती मॅच बघणाऱ्यांसाठी. आणि गजर एकच. दुसरा लावला की पहिल्याची किंमत जाते.

भाच्याने तसलं एक निवडलं. दुकानदार म्हणाला, "एक वर्षाची गॅरंटी."

"उठण्याची?"

"वाजण्याची."

पैसे देऊन आम्ही वळलो, तर काकांनी काउंटरवरचं ते दोन घंटांचं, चावीचं घड्याळ उचललं होतं. कानाशी धरून टिकटिक ऐकत होते. मग गजर वाजवून पाहिला. सगळं दुकान दणाणलं. काकांचा चेहरा खुलला. "हे द्या," ते म्हणाले.

"काका, तुम्हाला आता कशाला गजर?" मी विचारलं. "ना बस, ना गेट."

"अरे, इतकी वर्षं गजर झाला की उठलो. गजर झाला आणि झोपलो, असं एकदाही नाही. ते सगळे साडेपाच बाकी आहेत माझे." काका पाकिटातून नोटा मोजत म्हणाले. "आता रोज साडेपाचचा लावतो. वाजला की बंद करतो आणि पांघरूण ओढून घेतो. कंपनीने कराराचा फरक एकदम दिला होता, हा मी रोजचा रोज वसूल करतोय. आधीचं घड्याळ पीं-पीं करायचं. ऐकूच यायचं नाही, मग मध्ये न उठता सरळ सातपर्यंत झोप लागायची. सगळा फरक बुडत होता."

दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक झोपेचं शौकीन आहे. त्याने तत्परतेने दुसरा डबा पुढे सरकवला. "मग काका, हे बघा. स्नूझवालं. परत परत वाजतं."

काकांनी त्याच्याकडे गेट मीटिंगमध्ये बघावं तसं बघितलं.

"स्नूझ नको," ते म्हणाले. "बोलणी संपली."